एक अक्षर कमी

आठवीत असताना शाळेच्या पाण्याच्या टाकीवर
कोळशाने मी एक इंग्रजी शब्द लिहिला.
सावंगीत तोवर इंग्रजी शिवी कुणी लिहिली नव्हती,
दिली होती फक्त ट्रकवाल्या मोतीरामने,
तीही हिंगणघाटच्या जिनिंगवर ऐकलेली, अर्धीमुर्धी.
मी कानावर विसंबलो.
चार अक्षरांच्या जागी तीनच बसली.

हेडमास्तर पोटदुखे छडी घेऊन रांगेतून फिरले,
एकेकाची नखं तपासत.
रेवतकर सर मात्र टाकीसमोर उभे,
चष्मा कपाळावर, लाल खडू खिशातच.
म्हणाले, चूक आहे, पण आजची चूक आहे.
पाचशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडात
असंच लिहायचे, तीन अक्षरांत, कवीसुद्धा.
तेव्हा स्पेलिंग म्हणजे पांदणीची वाट,
बैल जाईल तशी वळायची.

त्यांच्याकडे एक डिक्शनरी होती, रद्दीतून किलोवर घेतलेली,
पहिली अठ्ठावीस पानं उंदरांनी नेलेली.
तिच्यात एकेका घाण शब्दापुढे त्याचे जुने अवतार:
ढुंगणाला आधी तीन अक्षरं, मग चार,
गू कधी वाय घालून, कधी मध्ये सी-एच,
आणि शेवटी एक ई, न बोलणारा,
लग्नात जेवून गेलेल्या अनोळखी पाहुण्यासारखा.
सर हे वाचताना आवाज खाली आणत नसत.

खिडकीबाहेर शेवंता नैताम खिचडी रांधायची.
पोट्टे शेंगदाणे पळवत,
मग तिच्या तोंडून जे निघायचं
त्याला कुठलंच स्पेलिंग नव्हतं, जुनं की नवं.
पोट्टेही तिला उलटा एक शब्द हाणत,
नवरा नसलेल्या बाईला हाणतात तो.
मीही हाणला आहे.

एकदा तो सरांच्या कानी गेला.
मारलं नाही कुणाला.
दुसऱ्या दिवशी कोतवालाच्या पेटीतून
एक वही घेऊन आले, शिवण सुटलेली, शाई तपकिरी,
बोरूने लिहिलेली घरमोजणी.
एका बाईच्या नावासमोर
तोच शब्द. रांड.
म्हणजे नवरा वारलेली. बस्स, इतकंच.
खाली, बैल दोन. गाय एक, भाकड.
लिहिणाऱ्याचा हात कुठे अडखळलेला नाही,
रेघ ओढून तो पुढच्या घरी गेलेला.

सर फळ्याकडे तोंड करून म्हणाले,
त्यांचे शब्द कपडे बदलत आले रे, आत तेच राहिले.
आपला हा, कपडे तेच,
आणि आत सडला.
मग थांबून, सडला म्हणजे, सडवला.
त्या दुपारी त्यांनी मला टाकी घासायला लावली.
मीच, हे त्यांना कसं कळलं,
विचारायचं राहून गेलं.

आता मी पाट्या रंगवतो.
गावाच्या वेशीवरचं 'हागणदारीमुक्त गाव'
हे माझं अक्षर, पिवळ्यावर काळं,
पंचायत समितीने तपासून पास केलेलं.
शिडीवर एकटाच हसत होतो,
हात हलला, 'क्त' जरा वाकडा आला.

मागच्या महिन्यात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर
पेन्शनवाल्यांची यादी करत होतो.
शेवंता काठी टेकत आली, खाली थांबली.
'माह्या नावासमोर काय लेहेलं रे बावा?'
वाचून दाखवलं. विधवा.
तिने तो शब्द दोनदा तोंडात घोळवला,
बोरातली आळी चाचपावी तसा.
'बरा हाय. धुतल्यासारका.
किती दिस टिकन?'

मला वाटलं, रंगाचं विचारते.
ऑइलपेंट आहे मावशी, म्हटलं,
दहा वर्षं.